धर्मगुरूविना रविवार

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात नांदूरघाट नावाचे गाव आहे. बालाघाटच्या डोंगररांगांचा हा मुलूख. पाऊस बेभरवशाचा आणि हाताला काम अपुरे. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील गावोगावची माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. कारखान्याच्या तळावर पाचट, बांबू आणि ताडपत्रीची कोपी उभी राहते आणि मार्च-एप्रिलपर्यंत तेच घर होते.

आता आपले उपासना-पंचांग डोळ्यांसमोर आणावे. आगमनकाळ, नाताळ, राखेचा बुधवार, प्रायश्चित्तकाळ हे सारे याच महिन्यांत येते. एखाद्या वर्षी ईस्टरही. म्हणजे या वाटेने जाणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाच्या वर्षातील सर्वांत मोठ्या उपासना आपल्या धर्मग्रामापासून दूर, परक्या शिवारात येतात. उसाला रविवार ठाऊक नसतो. जिथे ख्रिस्तमंदिर नाही आणि धर्मगुरूही नाही, तिथे रविवार उरतो का, हा प्रश्न त्यामुळे केवळ विद्वानांच्या चर्चेचा राहत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न नवा नाही. इंग्लंडमध्ये १५४९ साली जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत, प्रामुख्याने साष्टीतच राहिले. त्या काळी मिस्सा लॅटिन भाषेत होई. भाविक हजर राहत. परंतु वेदीवरील शब्द त्यांच्या कानांवरून जात. ही उणीव भरून काढण्यासाठी स्टीफन्स यांनी ओवी हाती घेतली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. रविवारी आणि सणांच्या दिवशी त्याचे सामुदायिक वाचन होऊ लागले. पुराण वाचण्यासाठी दीक्षित धर्मगुरूच लागतो असे नव्हते. वाचता येणारा एक आणि ऐकणारे अनेक, एवढे पुरेसे होते.

या साध्या गोष्टीचे मोल पुढे कळले. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरीही पुराणाच्या हस्तलिखित प्रती घराघरांत राहिल्या आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांबरोबर त्या मंगळूरकडे गेल्या. १७८४ साली टिपू सुलतानाने कानडा मुलखातील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवान करून नेले. ही कैद १७९९ पर्यंत चालली. त्या पंधरा वर्षांत, धर्मगुरूंचा आधार नसताना, पुराणाच्या ओव्यांनी आपला विश्वास तगवला, असे तेथील परंपरा सांगते. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ‘क्रिस्तपुराणा’ची जी आवृत्ती काढली, तीही अशा जपून ठेवलेल्या प्रतींच्याच आधारे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला जपानने याहून दीर्घ परीक्षा दिली. तेथे १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे धर्मगुरू उरले नाहीत. परंतु खेड्यांतील सामान्य माणसांनी बाप्तिस्मा, प्रार्थना आणि सणांचे पंचांग पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. १८६५ साली नागासाकी येथे नव्या ख्रिस्तमंदिरात फादर पेतिजां यांच्यापुढे काही गावकरी येऊन उभे राहिले, तेव्हा अडीचशे वर्षांचा तो लपलेला धागा जगाला दिसला.

आपल्या पठारी महाराष्ट्रात काळ इतका कठीण नव्हता. परंतु अंतरे मोठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यात केंदळ आणि परिसरात येशूसंघीयांचे, तर निजामाच्या मुलखात घोगरगाव भागात फ्रान्सलियन धर्मगुरूंचे कार्य सुरू झाले. एका धर्मगुरूकडे अनेक गावे असत आणि त्यांच्या घोड्याची किंवा बैलगाडीची वाट पाहावी लागे. मधल्या काळात गावची उपासना चालवीत तो धर्मशिक्षक, म्हणजे लोकांच्या भाषेतला ‘मास्तर’. मुलांना अक्षरे शिकवणे, मोठ्यांना प्रार्थना पाठ करून घेणे, आजाऱ्यापाशी बसणे ही कामे त्याचीच. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केलेले ‘निरोप्या’ मासिक अशा विखुरलेल्या समाजापर्यंत छापील शब्द नेऊ लागले. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंमध्ये नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर, भजन आणि कीर्तन ख्रिस्तभक्तीसाठी वापरले. टाळ-मृदंगाच्या साथीने गाणाऱ्या मंडळींना गाण्यासाठी परवानगीची वाट पाहावी लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मातृसंस्थेने या अनुभवाला विसाव्या शतकात अधिकृत स्थान दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत केले. त्यामुळे मायबोलीला वेदीवर वाट मिळाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच संविधानाचे पस्तिसावे कलम मात्र सहसा कोणी आठवत नाही. आगमनकाळात, प्रायश्चित्तकाळात, तसेच धर्मगुरू नसलेल्या ठिकाणी रविवारी आणि सणाच्या दिवशी देवशब्दाची उपासना करावी आणि ती उपदीक्षिताने किंवा महागुरूंनी नेमलेल्या व्यक्तीने चालवावी, असे ते सांगते. १९८३ च्या धर्मसंहितेने पुढचे पाऊल टाकले. धर्मगुरूंअभावी मिस्सा शक्य नसेल, तर कुटुंबात किंवा कुटुंबांनी एकत्र येऊन योग्य वेळ प्रार्थना करावी, अशी आग्रहाची सूचना तिने केली. १९८८ साली रोमने अशा रविवारच्या उपासनेसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ही उपासना म्हणजे मिस्सा नव्हे, हे तीत स्पष्ट आहे. उलट, तिने ख्रिस्तप्रसादाची भूक वाढावी, अशी अपेक्षा आहे.

हा समतोल महत्त्वाचा आहे. प्रार्थनासभेला मिस्साची बरोबरी देणे जितके चुकीचे, तितकेच तिला दुय्यम करमणूक मानणेही चुकीचे. ज्या घरी सायंकाळी जपमाळ म्हटली जाते, शुभवर्तमानाचा एक उतारा मोठ्याने वाचला जातो आणि शेजारचे घर निरोप न धाडताही येऊन बसते, त्या घराने श्रीरंगपट्टणचा वारसा नकळत स्वीकारलेला असतो.

१७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. बीडसह सारा मराठवाडा त्याच्या कक्षेत आला. विस्तार एवढा मोठा, की प्रत्येक वाडीवर दर रविवारी मिस्सा होणे अवघडच. ऊसतोडीच्या हंगामात तर धर्मग्रामातील माणसेच जागेवर नसतात. ती असतात पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात, म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या धर्मग्रामाच्या हद्दीत.

वाचकहो, येथे हा विषय आपल्या दाराशी येतो. आपल्यापैकी अनेकांची घरे कारखान्यांच्या परिसरात आहेत. उसाच्या गाड्या रस्त्याने जाताना आपण रोज पाहतो. त्या तळावर एखादे ख्रिस्ती कुटुंब आहे का, याची चौकशी आपण कधी केली आहे काय? रात्री तोडणी आणि भरणीचे काम उरकून थकलेल्या माणसांना मिस्साला या म्हणणे सोपे आहे; त्यांना येणे सोपे नाही. मग आपणच चार जणांनी कंदील आणि बायबल घेऊन त्यांच्या कोपीपाशी जावे. एक उतारा, एक भजन, प्रभूची प्रार्थना, आणि पोरांच्या शाळेची दोन वाक्यांत विचारपूस. जमल्यास आपल्या धर्मगुरूंना कळवून हंगामात एकदा तेथेच मिस्सा व्हावी.

साष्टीच्या पुराणवाचकाने किंवा केंदळच्या मास्तराने याहून फार वेगळे काही केले नव्हते. येत्या आगमनकाळात कारखान्यांची धुराडी पेटलेली असतील आणि तळावर कोप्या उभ्या असतील. पहिल्या रविवारी तिकडे कोण जाणार, हे आपल्या धर्मग्राम मंडळाच्या पुढच्या बैठकीतच ठरवता येईल.