दुखायची वाट कशाला बघायची?

कॅन्सरचा पेशंट कळवळतो, घरचे नर्सला शोधत धावतात, मग मॉर्फिनचं इंजेक्शन. काही तासांनी पुन्हा तेच. 1950 च्या दशकात लंडनच्या मोठमोठ्या इस्पितळांतही हीच रीत होती. औषध 'मिळवायला' आधी दुखणं सहन करायचं!

सिसिली सॉन्डर्स या बाईंनी ती मोडली. मूळच्या नर्स, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, मग 1957 साली त्या डॉक्टर झाल्या. सेंट ल्यूक्स नावाच्या छोट्या संस्थेत त्यांनी एक साधी गोष्ट पाहिली होती: मॉर्फिन तोंडावाटे, ठरल्या वेळी. साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून तो ओसरायच्या आधीच पुढचा डोस. डोस किती, तर त्या माणसाचं दुखणं थांबेल इतका, कमीपासून हळूहळू वाढवत. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. (हे विसरलं की पेशंट गोळीच सोडून देतो.) सॉन्डर्सबाईंनी शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. वेळच्या वेळी औषध मिळालं की माणूस त्याची वाट बघत बसत नाही, व्यसनाची भीती फोल ठरते, हे त्यातून दिसलं. 1986 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलं: तोंडावाटे, घड्याळाप्रमाणे, पायरी-पायरीने.

आणि आपल्याकडे? त्याच्या एकच वर्ष आधी, 1985 ला, एनडीपीएस कायदा आला होता. रोख तस्करांवर होता, पण फटका इस्पितळांना बसला. परवाने अनेक, खाती वेगवेगळी. एक परवाना हातात येईतो दुसऱ्याची मुदत संपलेली. वर दहा वर्षांच्या कैदेची धास्ती. दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 1997 पर्यंत देशातला वैद्यकीय वापर जवळजवळ 97 टक्क्यांनी घसरला. गंमत बघा, नीमच आणि गाझीपूरला अफूचे सरकारी कारखाने आपलेच!

1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, 1993 मध्ये कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी काम उभं केलं. कायदा बदलायला मात्र 2014 उजाडलं. आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध प्रशासनाची एकच मंजुरी पुरते. पण मधल्या तीस वर्षांत शिकून बाहेर पडलेल्या किती डॉक्टरांनी ही गोळी कधी लिहूनच दिली नाही, त्यांचा हात अजून अडखळतो.

आपल्या तालुक्यात मॉर्फिनची गोळी कुठे मिळते, माहीत असेल तर खाली लिहा. कुणाला तरी आज रात्रीच लागणार असेल.