५ फेब्रुवारी २०१६ : पर्ससीनला लगाम
पर्ससीन मासेमारीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर महाराष्ट्र सरकारने या दिवशी तिच्यावर निर्बंध घातले. नवे परवाने बंद, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर. बांगडा-तारलीचा अख्खा थवा जाळ्याने वेढायचा नि खालची दोरी आवळायची, ही पर्ससीनची पद्धत रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात चांगलीच रुजलेली. किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणाऱ्यांच्या हाती मग उरणार काय? आदेश निघाला, पण १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यातला दंड मोठ्या नौकांच्या खिजगणतीतही नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने कायदा दुरुस्त केला. दंड लाखांत गेला, कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्य अधिकाऱ्यांकडे आले. त्याविरुद्ध पर्ससीनधारक रत्नागिरीतच उपोषणाला बसले. पोटाचा प्रश्न त्यांच्या खलाशांनाही होताच.