मठभूमीचे राखणदार

शिरगांवापासून कल्याण फार दूर नाहीं. या प्राचीन बंदरांतील व्यापारी व कारागीर कान्हेरीच्या डोंगरांत राहणाऱ्या भिक्षूंस दान देत असत, हें तेथील शिलालेखांवरून समजतें. मठास भूमि देणें पुण्यप्रद खरें. परंतु दिलेली भूमि राखणें त्याहून कठीण. हें कार्य राजघराण्यांतील स्त्रीपुरुषांनीं एकविचारानें कसें केलें, याचे दाखले आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिला दाखला नाशिकच्या पांडवलेण्यांतील, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील आहे. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें तेथें लेणें कोरवून भिक्षुसंघास अर्पण केलें. त्यांच्या अन्नासाठीं त्यानें ४००० कार्षापणांस एक शेत विकत घेतलें. आणखी ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविले व त्यांच्या व्याजांतून वस्त्रादि खर्चाची तजवीज केली. त्याची पत्नी दक्षमित्रा हिनेंही भिक्षूंकरितां खोली दिली.

पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केला. राज्य पालटलें, पण मठाचें दान बुडालें नाहीं. आपल्या कारकीर्दीच्या १८ व्या वर्षीं विजयी राजानें, उषवदाताच्या भोगवट्यांत असलेलें २०० निवर्तनांचें शेत तेथील भिक्षूंस दिलें. २४ व्या वर्षीं राजा व राजमाता या दोघांच्या नांवें गोवर्धनच्या अमात्यास नवी आज्ञा गेली. पूर्वीं कखडी गांवांत दिलेलें शेत कसलें जात नाहीं व तें गांवही ओस पडलें आहे, असें त्यांस कळलें होतें. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या खासगी शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं, असें त्यांनीं ठरविलें. शिवाय त्या भूमींत सरकारी अधिकाऱ्यांनीं शिरूं नये, तिला हात लावूं नये, मिठासाठीं ती खणूं नये, अशा सवलतीही दिल्या. शिळेवर अक्षरें कोरल्यानें भिक्षूंचें पोट भरत नाहीं, हें या मायलेकरांनीं ओळखलें होतें.

दुसरा दाखला मध्ययुगीन जर्मनींतील, आपल्या परिचयाच्या संत दांपत्याचा. सम्राट दुसरा हेन्री व सम्राज्ञी कुनिगुंडा यांनीं मिळून राज्य चालविलें. अनेक दानपत्रांत, सम्राज्ञीच्या विनंतीवरून हें दान दिलें, असा उल्लेख आढळतो. बांबेर्ग हें तिचें स्त्रीधन. तेथें १००७ सालीं धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हां तिनें त्यावरील हक्क सोडिला. त्या धर्मप्रांतास पोप अठरावे योहान यांचें संरक्षण मिळालें. कौफुंगेन येथें तिनें जोगिणींचा मठ स्थापिला. १०२४ सालीं हेन्री निवर्तल्यावर नवा राजा निवडला जाईपर्यंत तिनें राज्याची धुरा वाहिली, राजचिन्हें त्याच्या स्वाधीन केलीं आणि १०२५ सालीं त्याच मठांत व्रतस्थ जीवन पत्करलें. हेन्रीस ११४६ सालीं व कुनिगुंडेस १२०० सालीं संतपद मिळालें.

धर्म भिन्न, देश भिन्न, काळही भिन्न. तथापि रीत एकच. खरा दाता देऊन मोकळा होत नाहीं. शेत नांगरलें जातें कीं नाहीं, याचीही तो चौकशी करितो. ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं पूर्वजांच्या दानाचें स्मरण करितांना, त्यांनीं दिलेल्याची राखण आपण कशी करीत आहों, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबांतील पतिपत्नींनीं एकत्र बसून स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.