श्रीहरिकोटा : प्रक्षेपण केंद्र आणि त्याचे २०२३ हे वर्ष

श्रीहरिकोटा हे आंध्र प्रदेशाच्या तिरुपती जिल्ह्यातील बेट असून भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचे मुख्य प्रक्षेपण केंद्र येथे आहे. चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ८० किमी.वर, पूर्वेस बंगालचा उपसागर आणि पश्चिमेस पुलिकतचे खारे सरोवर यांच्यामध्ये हा वाळूचा लांबट पट्टा पसरला आहे. क्षेत्रफळ सुमारे १७५ चौ.किमी. जिल्ह्यांच्या २०२२ मधील फेररचनेपूर्वी ते नेल्लोर जिल्ह्यात मोडत असे. चेन्नई-विजयवाडा लोहमार्गावरील सुल्लुरपेटा हे जवळचे स्थानक. तेथून पुलिकतच्या उथळ पाण्यातून भराव घालून बांधलेल्या सडकेने बेटावर जातात. हिवाळ्यात सडकेच्या दोन्ही अंगांना रोहित पक्ष्यांचे थवे चरताना दिसतात आणि त्याच सडकेने अग्निबाणाचे अवजड भाग धीम्या गतीने केंद्राकडे नेले जातात. बेटावर सुरू व निलगिरी यांची लागवड आहे. येथील मूळ रहिवासी यानादी जमातीचे. केंद्र उभारताना त्यांना आपल्या वस्त्या सोडाव्या लागल्या. पुढे त्यांच्यातील काहींना केंद्रातच काम मिळाले. केंद्राचा इतिहास सांगताना ही विस्थापनाची बाब बहुधा राहून जाते.

जागेची निवड भूगोलाने ठरवली. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्तापासून १३.७ अंश उत्तरेस, जमिनीला या फिरण्यामुळे सेकंदाला सुमारे ४५० मीटर इतका वेग असतो आणि पूर्वेकडे झेपावणाऱ्या अग्निबाणाला तो फुकट मिळतो. शिवाय पुढे शेकडो किलोमीटर मोकळा समुद्र असल्याने जळून सुटलेले टप्पे वस्तीवर पडण्याचे भय नसते. उणीव एकच, पण मोठी आहे. ध्रुवीय कक्षेसाठी अग्निबाणाला दक्षिणेकडे जावे लागते आणि त्या वाटेवर श्रीलंका आहे. म्हणून तो आधी आग्नेयेकडे निघतो आणि पुढे गेल्यावर दक्षिणेकडे वळतो. या वळणात इंधन खर्ची पडते आणि तेवढे उपग्रहाचे वजन कमी करावे लागते.

केरळातील थुंबा येथून १९६३ पासून लहान अग्निबाण सोडले जात होते. उपग्रह सोडायचा तर पूर्व किनाराच हवा, हे विक्रम साराभाईंनी ओळखले आणि शोधाचे काम कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांच्याकडे दिले. थुंब्याची जागा निवडण्यातही चिटणीसांचा मोठा वाटा होता. त्यांच्या पाहणीतून श्रीहरिकोटा पुढे आले आणि १९६९ मध्ये निवड पक्की झाली. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी रोहिणी-१२५ हा लहान अग्निबाण येथून पहिल्यांदा उडाला. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले. १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. २००२ मध्ये इस्रोचे माजी अध्यक्ष सतीश धवन यांचे निधन झाल्यावर त्याच वर्षी केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

प्रक्षेपण काही मिनिटांचे असले, तरी बेटावरचे बहुतेक मनुष्यबळ वर्षभर वेगळ्याच कामांत गुंतलेले असते. त्यांतील सर्वांत जोखमीचे काम म्हणजे घन इंधन भरणे. या विद्येचा पाया भारतात ज्यांनी घातला त्यांत पुण्याचे वसंत गोवारीकर अग्रगण्य होते. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखा बांधक पदार्थ एकत्र घोटून दाट लगदा करतात. तो निर्वात परिस्थितीत पोलादी नळकांड्यात ओततात. मधोमध एक साचा उभा ठेवलेला असतो. उबदार खड्ड्यात काही दिवस मुरल्यावर लगदा खोडरबरासारखा घट्ट होतो, साचा वर ओढून काढला जातो आणि मागे राहिलेली पोकळी हीच ज्वलनाची जागा ठरते. पोकळीचा आकार जसा, तसा धक्क्याचा चढउतार; म्हणूनच ती वर्तुळाकार न ठेवता काही खंडांत तारकेसारखी ठेवतात. आत हवेचा बुडबुडा किंवा भेग राहिली तर तेथे ज्वाला अचानक पसरते, त्यामुळे प्रत्येक खंडाची क्ष-किरण तपासणी होते. एलव्हीएम-३ या अग्निबाणाच्या दोन बूस्टरांपैकी प्रत्येकात सुमारे २०० टन घन इंधन असते. हे काम किती धोक्याचे आहे ते २३ फेब्रुवारी २००४ च्या अपघाताने दाखवून दिले; घन इंधनाच्या स्फोटात त्या दिवशी सहा जणांचा मृत्यू झाला.

बूस्टरांची पोलादी कवचे इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात घडतात आणि द्रव इंधनावरील ‘विकास’ इंजिने बनवणाऱ्या कारखान्यांत मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेजचा समावेश आहे. २०२३ मध्ये येथून उडालेल्या अग्निबाणांपैकी एसएसएलव्ही सोडून बाकी सगळ्यांत विकास इंजिन होते.

केंद्रात दोन मोठे प्रक्षेपण तळ आहेत. पहिला १९९३ पासून वापरात आहे. तेथे अग्निबाण जागेवरच खंडावर खंड चढवून उभारत आणि भोवतीचा रुळांवरचा उंच मनोरा उड्डाणापूर्वी मागे सरकवत. पद्धत खात्रीची, पण एक अग्निबाण उभा असेपर्यंत तळ अडकून पडे. २००५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या तळासाठी जुळणीची इमारतच वेगळी बांधली. तेथे अग्निबाण सरकत्या चौथऱ्यावर उभारतात आणि तयार झाल्यावर चौथऱ्यासकट रुळांवरून तळावर नेतात. पहिल्या तळासाठीही अशी जुळणीशाळा बांधण्यात आली आणि एप्रिल २०२३ मधील पीएसएलव्ही-सी५५ साठी ती प्रथम वापरली गेली. तिच्यामुळे या तळावरून वर्षाला सहाऐवजी पंधरापर्यंत उड्डाणे करता येतील, असा अंदाज आहे. २०२३ च्या आठ उड्डाणांपेक्षाही हा बदल केंद्राच्या दृष्टीने अधिक दूरगामी म्हणावा लागेल, कारण येथे वेळ खातो तो तळ मोकळा होण्यात.

त्या वर्षी सात अग्निबाण कक्षेत उपग्रह घेऊन गेले आणि एक चाचणीसाठी उडाला. चार उड्डाणे पहिल्या तळावरून झाली, चार दुसऱ्यावरून. कक्षेतील सात उड्डाणे २०१६ आणि २०१८ मध्येही झाली होती. मात्र एसएसएलव्ही, पीएसएलव्ही, जीएसएलव्ही आणि एलव्हीएम-३ हे चारही जातींचे अग्निबाण एकाच वर्षी उडाले, ते २०२३ मध्ये पहिल्यांदा. आणि एकही फसला नाही.

सुरुवात १० फेब्रुवारीस एसएसएलव्हीच्या दुसऱ्या उड्डाणाने झाली. ऑगस्ट २०२२ मधील पहिले उड्डाण टप्पा सुटतानाच्या थरथरीने फसले होते: वेगवृद्धी मोजणारे संवेदक त्या थोड्या क्षणांपुरते गोंधळले आणि संगणकाने त्यांना नादुरुस्त ठरवले. दुरुस्तीनंतर या अग्निबाणाने तीन उपग्रह ४५० किमी. उंचीवर ठेवले, त्यांतला एक देशभरातील शाळकरी मुलींच्या सहभागातून बनला होता. २६ मार्चला एलव्हीएम-३ ने वनवेब कंपनीचे ३६ उपग्रह, एकूण ५,८०५ किग्रॅ. वजनाचे, नेले. ही कक्षा जवळजवळ ध्रुवीय असल्याने दक्षिणेकडची वाट धरावी लागली. २२ एप्रिलची पीएसएलव्ही-सी५५ सिंगापूरच्या टेलिओस-२ या उपग्रहासाठी होती. २९ मे रोजी जीएसएलव्ही-एफ१२ ने एनव्हीएस-०१ हा दिशादर्शन उपग्रह सोडला; भारतात बनलेले रुबिडियम आण्विक घड्याळ त्यात प्रथमच बसवले होते.

जुलै हा वर्षातला सर्वांत गजबजलेला महिना ठरला. चांद्रयान-३ सुमारे ३,९०० किग्रॅ. वजनाचे होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ते एलव्हीएम-३ वर चढवून दुसऱ्या तळावर आणले गेले. ११ जुलैला २४ तासांची रंगीत तालीम पूर्ण झाली. या तालमीत प्रत्येक झडप, प्रत्येक संदेश आणि प्रत्येक माणसाची जागा खऱ्या दिवसासारखीच तपासतात. १३ जुलैला दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी साडेपंचवीस तासांची उलटगणती सुरू झाली. शीत टप्प्यात उणे २५३ अंश सेल्सिअसचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन शेवटच्या तासांत भरतात, कारण ते सतत उकळून उडत असतात. वरच्या हवेतील वारे मोजण्यासाठी फुगे सोडले जातात. बोटी व विमानांना धोक्याच्या पट्ट्याबाहेर राहण्याची सूचना आधीच गेलेली असते आणि त्या दिवशी किनाऱ्यालगतच्या मच्छीमारांना समुद्रात जाता येत नाही. अखेरच्या मिनिटांत सूत्रे संगणकाकडे जातात. मोजमाप मर्यादेबाहेर गेले तर तो गणती थांबवतो. उड्डाणानंतर मार्ग भरकटला, तर अग्निबाण नष्ट करण्याचा अधिकार सुरक्षा अधिकाऱ्याकडे असतो.

१४ जुलैला उड्डाण नियोजित क्षणापेक्षा चार सेकंद उशिरा झाले. अवकाशातील कचऱ्याचा एक तुकडा वाटेत फार जवळून जाणार असल्याचे आधीच मोजले गेले होते, म्हणून हे चार सेकंद राखले. दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटांनी अग्निबाण उठला आणि सुमारे सोळा मिनिटांनी यान वेगळे झाले. प्रेक्षकांसाठी २०१९ मध्ये खुल्या केलेल्या दालनातून त्या दिवशी हजारो लोकांनी उड्डाण पाहिले. २३ ऑगस्टला सायंकाळी यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात उतरले.

अवघ्या सोळा दिवसांनी, ३० जुलैच्या सकाळी, पहिल्या तळावरून पीएसएलव्ही-सी५६ सिंगापूरचे सात उपग्रह घेऊन गेली. तळ दोन नसते तर इतक्या जवळच्या तारखा जुळल्या नसत्या. २ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी५७ ने आदित्य-एल१ ही सौर वेधशाळा नेली. यान अग्निबाणापासून सुटायला ६३ मिनिटे लागली. चौथा टप्पा एकदा जळून थांबला, बराच काळ तसाच वाहत गेला आणि मग पुन्हा पेटवला गेला. आदित्यवरील सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने साकारली आहे. श्रीहरिकोट्याच्या उलटगणतीचा परिचित आवाज असलेल्या एन. वळर्मती यांचे याच सप्टेंबरच्या आरंभी चेन्नईत निधन झाले.

२१ ऑक्टोबरची चाचणी कक्षेत जाण्यासाठी नव्हतीच. गगनयान या समानव मोहिमेतील अंतराळवीरांना धोक्याच्या क्षणी अग्निबाणापासून दूर नेणारी यंत्रणा प्रत्यक्ष उड्डाणात तपासायची होती. ठरलेली वेळ सकाळी आठची. हवामानामुळे ती पुढे ढकलली. मग पावणेनऊला, उलटगणतीचे पाच सेकंद उरले असताना, संगणकाने प्रज्वलन रोखले. इंजिनाच्या देखरेखीत त्याला विसंगती दिसली होती. अग्निबाण इंधनाने भरलेला, तळ निर्मनुष्य आणि साऱ्या देशाचे लक्ष पडद्याकडे. तंत्रज्ञांनी कारण शोधून दूर केले, टाक्यांची तपासणी केली आणि बरोबर दहा वाजता अग्निबाण उडाला. सुमारे १२ किमी. उंचीवर, ध्वनीहून अधिक वेगात असताना अंतराळवीरांसाठीची कुपी वेगळी झाली, छत्र्या उघडल्या आणि किनाऱ्यापासून सुमारे १० किमी.वर ती समुद्रात उतरली. नौदलाने तिला उचलून आणले. थांबवलेली गणती केवळ सव्वा तासात पुन्हा सुरू होऊन यशस्वी होणे, हा यंत्रणेच्या आणि माणसांच्या तयारीचा पुरावा आहे.

त्यानंतर वर्षअखेरपर्यंत तळांवरून मोठे उड्डाण झाले नाही. बेटावरचा मुख्य पाऊस नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा नसून ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य वाऱ्यांचा असतो आणि याच काळात उपसागरात चक्रीवादळे उठतात. २०२३ मध्ये मिचाँग वादळ ५ डिसेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर आदळले. एरवीही पावसाळी महिन्यांत विजेचा कडकडाट, ओली वाळू आणि अस्थिर वारे यांमुळे उड्डाणांच्या तारखा ठरवणे कठीण जाते. पुढचे उड्डाण १ जानेवारी २०२४ च्या सकाळी पहिल्या तळावरून झाले. पीएसएलव्ही-सी५८ ने एक्सपोसॅट ही क्ष-किरण वेधशाळा कक्षेत ठेवली.

पुढच्या काळात केंद्राचा विस्तार दोन दिशांनी ठरला आहे. एसएसएलव्हीसाठी तमिळनाडूतील कुलशेखरपट्टिणम येथे नवे प्रक्षेपण केंद्र उभारले जात असून त्याची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. तेथून थेट दक्षिणेकडे जाता येते, श्रीलंकेभोवती वळावे लागत नाही. श्रीहरिकोट्यातच तिसऱ्या तळाला जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अंदाजित खर्च ३,९८४.८६ कोटी रुपये आणि मुदत ४८ महिन्यांची आहे. बेटावर एका खासगी कंपनीचा स्वतंत्र छोटा तळही आहे आणि तेथून मे २०२४ मध्ये पहिले उड्डाण झाले. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्यातून शंभरावे प्रक्षेपण झाले.