लोकेशन पाठव ना! अजिंठ्याच्या खांबापासून लाइव्ह लोकेशनपर्यंत

बाहेरगावचे मित्र आपलं शहर बघायला निघाले की पहिला मेसेज ठरलेला: "लोकेशन पाठव ना." मी औरंगपुऱ्यात राहतो, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हा मेसेज मला नेहमीचाच. आज याच मेसेजचा इतिहास बघू.

फोन नव्हते तेव्हा पत्ता शहरच सांगायचं. दिल्ली गेट, पैठण गेट. दरवाजाचं नाव म्हणजे रस्ता कुठे जातो त्याची पाटी! आजही आपण तसंच सांगतो ना: "पैठण गेट, गुलमंडी, मग एस. बी. कॉलेज विचार."

पण नावांचा एक प्रॉब्लेम आहे, ती बदलतात. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलेली खडकी 1626 मध्ये फत्तेनगर झाली, 1653 मध्ये औरंगाबाद आणि 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. सॅटेलाइटला यातलं एकही नाव माहीत नाही. त्याच्या लेखी आपण साधारण 19.88 उत्तर, 75.33 पूर्व. चारही नावांच्या काळात तेच.

आता अजिंठ्याला जाऊ. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोचला आणि 10 नंबरच्या लेणीतल्या खांबावर, जुन्या चित्रावरच, त्याने आपलं नाव नि तारीख कोरली. लेणीत तेव्हा दगडमातीचा ढीग होता, त्यावर तो उभा होता. म्हणून ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर दिसतं. हे एक प्रकारचं चेक-इनच! फक्त ते सगळ्यांना दिसतं, कायम दिसतं आणि डिलीट होत नाही.

पुढचं वर्ष 1983. त्याच वर्षी अजिंठा आणि वेरूळ जागतिक वारसा यादीत आले. आणि त्याच वर्षी 1 सप्टेंबरला कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. ते पाडलं गेलं, 269 माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केलं की लष्करासाठी बनत असलेलं जीपीएस सामान्य लोकांनाही मिळेल. मिळालं, पण मुद्दाम चूक घालून, साधारण 100 मीटरपर्यंत. म्हणजे तुम्ही नेमके कुठल्या गल्लीत आहात तेच कळणार नाही. ही चूक मे 2000 मध्ये काढली, आणि मग नकाशावरचा निळा ठिपका कामाचा झाला.

2009 मध्ये गुगल लॅटिट्यूड आलं, मित्र कुठे आहेत ते सतत दाखवणारं. 2013 मध्ये ते बंद झालं. 2017 मध्ये व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आलं. त्यात तीनच पर्याय: 15 मिनिटं, 1 तास, 8 तास.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा शोध हाच आहे. सॅटेलाइट नाही, टायमर. "मी कुठे आहे" हे तंत्रज्ञान सांगतं. "कोणाला आणि किती वेळ" हे आपण ठरवायचं असतं, आणि तिथेच आपण घाई करतो. वेरूळला चुकामूक होऊ नये म्हणून ट्रिपच्या ग्रुपवर 8 तासांचं लोकेशन टाकतो. ग्रुपमध्ये सकाळीच ओळख झालेली माणसंही असतात. संध्याकाळी त्यांना आपलं लॉजही दिसतं. लेणी बघायला तासभर पुरतो ना? मग तासभरच द्या, आणि भेट झाली की "शेअरिंग थांबवा" दाबा. फक्त ज्यांना काळजी आहे, त्या घरच्यांना मात्र पूर्ण दिवस द्या.

आणि एक लक्षात ठेवा. लेणीत डोक्यावर अख्खा डोंगर असतो, सॅटेलाइटचा सिग्नल आत नीट पोचत नाही. ठिपका बाहेरच अडकला तर घाबरू नका. आत जाण्याआधीच भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवा. ती पद्धत पैठण गेटइतकीच जुनी आहे, आणि तिला नेटवर्क लागत नाही.

भेटू पुढच्या भागात!