सार्वजनिक स्वच्छतागृहाची धास्ती: मनाचा अडसर आणि सोयींचा अभाव

प्रवासाला निघण्याच्या दोन तास आधीपासून पाणी पिणे बंद करायचे, वाटेत गाडी थांबली तरी उतरायचे नाही आणि मुक्कामी पोहोचताच आधी शौचालय गाठायचे, हा क्रम अनेकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, अंगवळणी पडलेला आहे. त्याविषयी सहसा बोलले जात नाही. ‘लघुशंका’, ‘परसाकडे’, ‘बहिर्दिशेला’ असे आडवळणाचे शब्द वापरणाऱ्या समाजात या अडचणीची वाच्यता होणे अवघडच असते.

या टाळाटाळीमागे दोन निरनिराळी कारणे आहेत. काहींच्या बाबतीत मनातील भीतीच लघवी अडवून धरते. इतरांच्या बाबतीत समोरचे स्वच्छतागृह खरोखरच वापरण्याजोगे नसते. पहिल्या कारणावर उपचार उपलब्ध आहेत, तर दुसरे दूर करणे प्रशासनाच्या हाती आहे. या दोहोंची गल्लत झाली, की आजारी माणसाला हट्टी ठरवले जाते आणि गैरसोय सोसणाऱ्याला नाजूक.

घरचे दार आणि बाहेरचे दार

छत्तीसगडच्या रायपूर जिल्ह्यातील अभनपूर हे रायपूरहून धमतरीमार्गे जगदलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३० वर वसले आहे. जुन्या रायपूर–धमतरी नॅरोगेज लोहमार्गावर राजिमचा फाटा येथूनच निघत असे. ब्रॉडगेजचे काम झाल्यावर ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर–रायपूर मेमू गाडी सुरू करण्यात आली. राजिम येथे महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांच्या संगमावर माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मोठी यात्रा भरते. अशा जोडस्थानी गाडी बदलणाऱ्या प्रवाशाला आपल्या घराची सोय कामी येत नाही. कडी लागणारे दार आणि नळाला पाणी मिळाले तरच त्याची अडचण सुटते.

याच मार्गाने पुढे लागणाऱ्या धमतरी जिल्ह्यातील कोटाभर्री गावच्या कुंवरबाई यांनी वयाची शंभरी ओलांडल्यावर आपल्या शेळ्या विकून घरी शौचालय बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये राजनांदगाव जिल्ह्यातील कार्यक्रमात पंतप्रधानांनी त्यांचा जाहीर सत्कार केला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात घरोघरच्या शौचालयांवर मोठा भर राहिला. तथापि घराबाहेर पडलेल्या माणसाचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही.

आजार कशाला म्हणावे?

घरी कोणताही त्रास नसताना आसपास माणसे असली, कोणी बाहेर थांबले असले किंवा आपला आवाज ऐकू जाईल असे वाटले, की लघवी सुरूच होत नाही, या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘पॅरुरेसिस’ म्हणतात. हे नाव विल्यम्स आणि डेगेनहार्ट या संशोधकांनी १९५४ मध्ये रूढ केले. त्यांनी अमेरिकेतील १,४१९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा १४.४ टक्के विद्यार्थ्यांना असा अनुभव कधी ना कधी आल्याचे आढळले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत या अवस्थेचा समावेश सामाजिक भयगंडात केला आहे. शौचाच्या बाबतीत असाच अडथळा येत असेल, तर त्याला ‘पार्कोप्रेसिस’ असे नाव आहे.

या त्रासामागे शारीरिक यंत्रणा आहे. लघवी होण्यासाठी मूत्राशयाचे स्नायू आकुंचन पावावे लागतात आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेले वर्तुळाकार स्नायू सैल व्हावे लागतात. भीतीच्या क्षणी शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीत येते. त्या वेळी नेमके उलट घडते. मूत्राशय शिथिल राहते आणि मार्ग आवळला जातो. माणूस जितका जोर करतो, तितकी भीती वाढते आणि अडथळा घट्ट होतो. म्हणूनच ‘मन घट्ट करा’ हा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो.

ज्यांचा त्रास तीव्र असतो, ते लांबचा प्रवास, वसतिगृह किंवा नोकरीची संधीही टाळतात. रुग्णालयात तपासणीसाठी लघवीचा नमुना देणे हीदेखील त्यांच्यासाठी कसोटी ठरते.

रोखून धरण्याची किंमत

निरोगी माणसाने एखाद्या वेळी लघवी रोखली, तर कायमची हानी होत नाही. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारणपणे ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी सामावते. मात्र रोज तासन्‌तास रोखणे आणि त्यासाठी पाणी कमी पिणे, या दोन सवयी एकत्र आल्या की मूत्रमार्गाच्या संसर्गाचा आणि मुतखड्याचा धोका वाढतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना संसर्ग अधिक होतो. विदर्भ आणि छत्तीसगडमधील उन्हाळ्यात पाणी टाळणे उष्माघातालाही निमंत्रण देणारे आहे. शौच वारंवार रोखल्याने बद्धकोष्ठता जडते.

कमोडच्या बैठकीला नुसता स्पर्श झाल्याने रोग जडतील, ही भीती मात्र बहुतांशी अनाठायी आहे. त्वचेवर जखम नसेल, तर हा धोका अत्यल्प असतो. खरा धोका न धुतलेल्या हातांचा असतो. बैठकीला स्पर्श होऊ नये म्हणून अधांतरी बसल्यास स्नायू ताणलेले राहतात आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यास अडथळा येऊ शकतो. बैठक पुसून नीट बसणे आणि नंतर साबणाने हात धुणे अधिक हिताचे आहे.

न्यायालये आणि चळवळी

सोयींच्या अभावावर महाराष्ट्रात संघटित आवाज उठला, तो २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ या मोहिमेमुळे. ‘कोरो’ आणि इतर संस्थांच्या या मोहिमेत मुमताज शेख अग्रभागी होत्या. पुरुषांना मुतारी विनामूल्य आणि स्त्रियांना मात्र पैसे, हा भेद मोहिमेने चव्हाट्यावर आणला. ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याविषयी निर्देश दिले. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांचे रूपांतर करून स्त्रियांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहे उभी राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२५ रोजी देशातील सर्व न्यायालयांच्या आवारात स्त्रिया, पुरुष, दिव्यांग आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, असा आदेश दिला. स्वच्छतागृहाची सोय हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. शाळांसाठी मुलामुलींची स्वतंत्र शौचालये २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंधनकारक केली आहेत. शाळेत दिवसभर लघवी रोखणारी मुले हीच सवय पुढे मोठेपणी घेऊन जातात.

उपाय काय?

प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. घरीदेखील लघवीला त्रास होत असेल, धार बारीक झाली असेल किंवा जळजळ होत असेल, तर प्रोस्टेट, मुतखडा, मधुमेह किंवा संसर्ग अशी कारणे असू शकतात. पोट फुगून वेदना होत असताना लघवी अजिबात होत नसेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

त्रास केवळ परक्या ठिकाणी होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने सराव करणे हा प्रमुख उपचार आहे. सुरुवातीला घरी दाराबाहेर विश्वासातील व्यक्ती दूर उभी राहते. ते जमले, की ती थोडी जवळ येते. पुढे कमी वर्दळीचे आणि अखेरीस गर्दीचे ठिकाण निवडले जाते. सरावापूर्वी भरपूर पाणी प्यायले जाते. एखाद्या दिवशी जमले नाही, तर मागच्या टप्प्यावर येऊन पुन्हा सुरुवात केली जाते. विचारांची दिशा बदलणारी वर्तनोपचार पद्धतीही उपयोगी पडते.

मात्र मोडकी कडी, काळोख आणि कोरडा नळ यांची भीती वाटणे हा मनोविकार नव्हे. तेथे समुपदेशनापेक्षा दिवा, पाणी आणि नेमाने होणारी साफसफाई अधिक गुणकारी ठरते. भयगंड असलेल्या माणसालाही सरावासाठी पूर्ण उंचीच्या भिंती आणि नीट लागणारे दार असलेली जागाच लागते. त्यामुळे चांगले स्वच्छतागृह उभारले, तर दोघांचीही सोय होते. घरात मात्र या विषयावरील मौन सुटले पाहिजे. प्रवासात पाणी न पिणाऱ्या आईला किंवा शाळेतून धावत येणाऱ्या मुलाला कारण विचारणे, ही त्याची सुरुवात ठरू शकते.