काळी, पांढरी आणि भाजलेली वीट

मित्रहो, मागच्या वेळी आपण दगडाच्या घरांबद्दल बोललो. आज माती. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. घट आणि मृत्तिका यांच्यावाचून आमचा एक तास पार पडला नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीच्या गोळ्याचाच दाखला देतो: नावं आणि आकार वेगळे, खरी ती माती. पण हा दाखला कुंभाराला सांगून पाहा. तो म्हणेल, कच्च्या मडक्यापुरतं ठीक आहे. साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पुढे मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, आणि मग ते खापर कितीही भिजवा, त्याचा पुन्हा चिखल होत नाही. घरांच्या इतिहासात हा फरक फार मोठा ठरला.

मोहेंजोदडो घ्या. इ.स.पू. २५०० च्या आसपासचं शहर. विटांचं माप १:२:४, घरांसाठी बहुधा ७ × १४ × २८ सेंटिमीटर. न्हाणीच्या जमिनीत घट्ट बसवलेल्या विटा, विहिरींना पाचरीच्या आकाराच्या विटा. भर पडून रस्ता उंच झाला की विहिरीचा काठही वर चढवायचा. आज भोवतीची माती खणून काढल्यावर त्या विहिरी धुराड्यांसारख्या उभ्या दिसतात.

टिकाऊपणाची एक वेगळीच किंमत असते. एकोणिसाव्या शतकात हडप्प्याच्या टेकाडातल्या विटा लाहोर–मुलतान रेल्वेच्या रुळांखाली गेल्या. सुमारे १०० मैलांना पुरल्या, असं कनिंगहॅमने नोंदवलंय. कच्च्या मातीचं घर असं उचलून नेता येत नाही. ते कुठे जातं, हे पाहायला महाराष्ट्रात येऊ.

घोड नदीकाठचं इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० हा काळ; घरं कुडाची, मातीनं लिंपलेली. यांना भट्टी ठाऊक नव्हती का? छे! कुंभाराची भट्टी तिथे सापडली आहे. मेलेलं तान्हं मूल ते दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. म्हणजे लेकराला भाजलेली माती आणि भिंतीला कच्ची. याला मागासलेपण म्हणायची घाई आम्हाला तरी करवत नाही. पडलेली भिंत भिजवून पुन्हा उभी करता येते. वीट भाजायला सरपण लागतं.

अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या पडली, त्यांवर नवी झाली, चुलीची राख मिसळली. गावाखालची जमीन फिकट झाली. म्हणून आपल्याकडे शेताची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. पांढरीची माती गाड्या भरून शेतात गेली, मराठवाड्यात घरांच्या धाब्यावर गेली. (आमचे पुरातत्त्ववाले मित्र यावर चिडतात, रास्तच आहे.)

या धाब्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं. लाकडी खांब-तुळया, वर फळ्या, त्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा. पाऊस तोंडावर आला की गळती थांबवायला वर नवी माती टाकायची. जुनी खरवडायचे कष्ट कोण घेणार? थर वाढत काही घरांवर फूट-दोन फुटांचा झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच या ओझ्याखाली गेली. तेव्हापासून मातीचं घर म्हणजे मरण, हे समीकरण मनांत बसलं. ज्यांनी ते ढिगारे उपसले त्यांच्याशी वाद घालायचा अधिकार आपल्याला नाही.

तरी कारण नीट पाहावं लागेल. भिंती दगडांच्या, जाड, दोन पदरी, चिखलात रचलेल्या. दोन्ही पदरांना सांधणारे लांब दगड बहुतेकांत नव्हतेच. पदर सुटले आणि भिंती ढासळल्या. पण कित्येक ठिकाणी खणांचा लाकडी सांगाडा, भिंती कोसळूनही, उभा राहिला होता. तो ज्या गवंड्या-सुतारांनी बांधला, त्यांना नव्या वसाहती उभारताना किती विचारलं गेलं, हा प्रश्न आम्हाला अजून छळतो.

वेळ संपत आली. पुढच्या वेळी कौलांकडे वळू. १८६५ साली बाझल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. कुंभाराच्या नळीच्या कौलांचं पुढे काय झालं, ते तेव्हा पाहायचं आहे.